चुन्याचे रिंगण

२२ एप्रिल २००३, मंगळवार

मुरगूडच्या डॉक्टरांनी आज पुन्हा दंडाला पट्टा आवळला आणि तोंड वाकडे केले. म्हणाले, "बाई, राग आला की बोलून टाकत जावा. न्हाय जमलं तर लिहून काढा. आत ठेवलासा की ह्यो काटा असाच वर चढणार." हा डॉक्टर माझाच विद्यार्थी. सातवीत असताना दशांश चिन्ह कुठे द्यायचे ते त्याला कळत नसे, आणि आता मला शिकवतो.

बोलून टाकायला घरात आहे कोण? आमचे हे जाऊन सहा वर्षे झाली. मूलबाळ नाही. भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ धोंडुबाई राहते. तीही विधवा. पण तिच्याशी मी अकरा वर्षांत एक शब्द बोललेली नाही आणि बोलणारही नाही. म्हणून ही डायरी. विमा एजंटाने फुकट दिली आहे, जानेवारीपासूनची पाने कोरीच होती.

पहिला राग शाळेवर. गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. मुख्याध्यापिका म्हणून इतकी वर्षे झिजले, तर निरोप समारंभात मला काय दिले? दुर्बीण! आणि भाषणात तो चाटे मास्तर म्हणतो, "बाईंना मैदानापलीकडची कॉपी दिसायची, आता त्यांना आणखी लांबचं दिसू दे." सगळी शाळा खो खो हसली. मीही हसले. घरी येऊन ती पेटी माळ्यावर टाकली.

२४ एप्रिल, गुरुवार

पेटी खाली काढली. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितले आहे, मग नुसते हात हलवत कशाला जायचे?

खरे लिहायचे तर मी पक्षी बघायला गेले नव्हते. यंदा पाऊस दगा देऊन गेला, गावतळे पार आटले आहे. मध्ये डबके तेवढे उरले आहे. पाणी मागे हटले की तळ्याच्या उघड्या पोटात लोक गाळपेर करतात, वर्षापुरता तुकडा मिळतो. ऐन मध्यावर धोंडुबाईचा तुकडा आहे. म्हशीसाठी मका केला आहे. मी बांधावर बसले आणि दुर्बीण लावली ती तिचा मका बघायला. पिवळा पडला होता. बरे वाटले.

मक्याच्या पलीकडे डबक्यात लांब लाल पायांचे पक्षी उभे होते, जणू उसने पाय लावून आलेत. त्यांच्या मागे बगळे, एक खंड्या, आणि चिखलातून तुरुतुरु पळणारे काहीतरी बारके. आमच्या तळ्यावर हे सगळे असते हे अठ्ठावन्न वर्षे मला कुणी सांगितले नाही. एवढ्यात एक टिटवी माझ्या डोक्यावर येऊन असे कोकलायला लागली की मी दुर्बीण घेऊन पळतच सुटले. पाहुण्याला हाकलायची ही कुठली रीत?

२७ एप्रिल, रविवार

कोल्हापूरला गेले होते, बिंदू चौकाजवळ पक्ष्यांचे एक पुस्तक घेतले. लाल पायांचा तो शेकाट्या. तुरुतुरु पळणारा तो चिखल्या. टिटवी का ओरडते तेही कळले: तिची अंडी जवळ असणार. आज बांधावर बसून नजर ठेवली. ती उतरते कुठे, चालते कुठे, मान आखडून बसते कुठे. कॉपी करणारे पोर जसे आधी इकडे तिकडे बघते आणि मग हळूच खाली बघते, तशीच तिची चाल. सापडली.

घरटे म्हणून काही नाहीच. धोंडुबाईच्या मक्याच्या कडेला, तळ्याचा तळ जिथे डबक्याकडे खोल उतरतो त्या खोलगटात, चार खडे आणि शेळीच्या लेंड्या. त्यावर चार अंडी, टोके आत करून ठेवलेली, मातीच्याच रंगाची, वर काळे शिंतोडे. मी पाय टाकता टाकता राहिले. पुस्तकात लिहिले आहे, अंड्यांना कधी हात लावू नये.

मी परत बांधावर आले तर टिटवी डबक्यात पोट भिजवून आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. या उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून! मी बराच वेळ बघत राहिले. एवढे मन लावून काम करणारे प्राणी मी स्टाफरूममध्ये पाहिले नाहीत.

पण तळ्यातला गाळ उपसायला ट्रॅक्टर फिरतात. त्यातला एक बाळासोचा आहे. बाळासो म्हणजे धोंडुबाईचा मुलगा. आमच्या दोन्ही घरांत मिळून मूल एकच, ते हे. सातवीत गणितात चार मार्कांनी गेला. धोंडुबाई म्हणाली, घरचाच पोरगा हाय, वर घाला. मी घातला नाही. मुख्याध्यापिकेने आपल्या पुतण्याला वर घातला तर बाकीच्या आयांना काय तोंड दाखवायचे? पोरगे परत शाळेत आले नाही, इचलकरंजीला मागावर गेले. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. नियम म्हणजे नियम. मला त्यात आजही काही चूक दिसत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

आज बंदोबस्त केला. पुतळाईच्या जत्रेला घर रंगवले त्यातला चुना उरला होता. दोरी आणि खुंटी घेऊन गेले आणि अंड्यांभोवती खो-खोच्या मैदानासारखे चुन्याचे रिंगण मारले. पांढरेशुभ्र. बांधावरून डोळ्यांना स्पष्ट दिसते, दुर्बीणही लागत नाही. आता ट्रॅक्टर आत आला तर कोण आला ते कळेल.

टिटवीने डोक्यावर चोच मारायची तेवढी बाकी ठेवली. उपकाराची जाण नाही.

२ मे, शुक्रवार

रिंगण बघायला गाव लोटले. कुणी म्हणे सरकारी मोजणी आहे, कुणी म्हणे बोअर मारणार. मग म्हातारा जोतीराम खाली उतरला, वाकून बघितले आणि कपाळावर हात मारला. "टिटवीनं तळ्याच्या पोटात अंडी घातल्याती. उच्चीवर घातली की पाऊस, खाली घातली की ठणठणाट. यंदाबी न्हाय पाऊस!"

हे खूळ आमच्याकडे जुने आहे. टिटवी अंडी कुठे घालते त्यावर पाऊस ठरतो म्हणे. मी बांधावर होते. सांगू शकले असते की टिटवीला पावसाचे काही कळत नाही, तिला फक्त उघडी जमीन लागते. निवृत्त बाईचे कोण ऐकतो, म्हणून गप्प बसले.

जाता जाता कुणीतरी विचारले, "तुकडा कुणाचा?" आणि सगळ्या माना मक्याकडे वळल्या.

५ मे, सोमवार

भिंतीपलीकडून आज आरडाओरडा ऐकू आला. हापशावर बायकांनी धोंडुबाईची घागर मागे सारली. "तू नांगर खोल घातलास म्हणून टिटवी खाली उतरली," म्हणतात. यंदा हापशाला पाणी करंगळीएवढे, त्यात हे निमित्त मिळाले. धोंडुबाईही काही कमी नाही, तिने दोघींच्या माहेरापर्यंत उद्धार केला.

अकरा वर्षे तिने गावभर माझे नाव खराब केले, आता कळू दे. मी स्वयंपाकघराची खिडकी मुद्दाम उघडी ठेवली.

रात्री जेवण गेले नाही. उकाडा फार आहे.

७ मे, बुधवार

अंडी रिंगणात नाहीत!

दुर्बीण सगळीकडे फिरवली. मग दिसली. रिंगणाच्या बाहेर, उंचवट्याच्या बाजूला चार पावलांवर, चारी अंडी तशीच टोके आत करून, खाली खडे, लेंड्यासुद्धा मांडलेल्या. टिटवी बसली होती. टिटवी अंडी उचलत नाही, म्हणजे हा माणसाचा उद्योग आहे. कुणाचा, हे सांगायला दुर्बीण नको. अंडी उंचावर नेऊन पाऊस पाडणार आहे!

पुस्तकात हात लावू नये असे आहे, पण हे हात लावणे नव्हे, हे जागच्या जागी ठेवणे आहे. मी रुमालात धरून चारी अंडी परत रिंगणात ठेवली. पक्ष्याने जी जागा निवडली ती जागा खरी. टिटवी थोडा वेळ उंचवट्यावर उभी राहून बघत राहिली आणि मग मुकाट्याने खाली येऊन बसली. शहाणी आहे.

८ मे, गुरुवार

पुन्हा वर. पुन्हा खाली ठेवली.

१० मे, शनिवार

काल नव्हती हलवली. आज दोन पावले जास्तच वर. ही बाई मला वेड लावणार. रक्तदाब वाढला असणार, डोके ठणकते आहे. चुना पुन्हा मारून रिंगण ताजे केले, म्हणजे तिला कळावे की मी आहे.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. बाळासोचा ट्रॅक्टर रिंगणाला वळसा घालून जातो. भरलेला असो की रिकामा, सरळ वाट सोडून लांबून मक्याच्या कडेने जातो. माझ्या चुन्याचा धाक अजून आहे तर.

१२ मे, सोमवार

बाळासो दारात आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी आत ये म्हटले नाही, तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. अंगाने भरला आहे. कानामागे पेन्सिल खोचायची सवय मात्र तशीच आहे, आता गाळाच्या खेपा मांडायला लागते म्हणून.

"थोरली आई, एक सांगायचं हुतं. आईला हापशावर कोण उभं करून घेईना झालंय. म्हसरं तहानल्याती. मी ट्रॅक्टरनं मुरगूडातनं पाण्याचं बॅरल आणतुया, पर ती ऐकत न्हाय, हापशावरच जातीया आणि रडत येतीया. तुम्ही एकदा सांगा की लोकांस्नी, टिटवीचा आणि पावसाचा काय संबंध न्हाय म्हणून. तुमचं ऐकत्यात."

"माझे कोण ऐकतो आता?"

"ऐकत्यात की. अजून तुम्ही रस्त्यानं आलासा की पोरं इडीकाडी लपवत्यात."

मला हसू आले, पण दाखवले नाही. म्हटले, "तुझ्या आईला सांग, अंड्यांना हात लावायचा नाही. मग बघू."

तो खाली बघत म्हणाला, "ती कशाला हात लावंल?" आणि गेला. खोटे बोलताना लहानपणीही खालीच बघायचा. त्याला चहा विचारायचा राहून गेला. पण अशा वेळी चहा विचारला तर शिस्त कुठे राहिली?

१४ मे, बुधवार

पकडली! पहाटे उजाडायच्या आधी बांधावर जाऊन बसले. मक्यातून पदर खोचून आली, वाकली, चारी अंडी ओच्यात घेतली. मी दुर्बिणीतून तिचे नखसुद्धा बघू शकत होते. वरून ओरडले, "ठेव ती खाली!"

ती दचकली नाही. ओचा तसाच धरून बांधाकडे तोंड करून उभी राहिली. अकरा वर्षांत मी तिचा चेहरा एवढ्या जवळून पाहिला नव्हता. गाल बसलेत.

"न्हाय ठेवत! तुझ्या बाऽची हायत व्हय अंडी?"

"टिटवीची आहेत. तिने जिथे घातली तिथेच राहणार."

"व्हय, व्हय! जे जिथं पडलंय तिथंच ऱ्हाऊ दे, तुझा कायदा न्हाय का! चार मार्कं उचलून वर ठेवली असतीस तर तुझं हात झिजलं असतं? माझं एकुलतं एक पोरगं बारा वर्सांचं मागावर गेलं, कापूस खाऊन खोकत परत आलं. आणि आता चुना मारून गावाला बोलावून दावलंस, बघा, हिच्या रानात अवदसा बसलीया!"

"मी गावाला बोलावले नाही. मी ट्रॅक्टरसाठी चुना मारला."

"मारलास तर मारलास की!" आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने अंडी उंचवट्यावर मांडली, एकेक करून, टोके आत. मग पदर झटकून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी खाली उतरून अंडी रिंगणात ठेवली. चुना मी तिला त्रास द्यायला मारला नव्हता. हे तिला एकदा कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

१७ मे, शनिवार

युद्ध चालू. ती पहाटे वर नेते, मी सकाळी खाली आणते. टिटवी आता आम्हा दोघींवर सारखीच ओरडते. नर आणि मादी दोघे मिळून. नर माझ्या अंबाड्याला धक्का मारून गेला. जोतीराम म्हातारा बांधावर बसून तंबाखू मळत म्हणाला, "बाई, अंडी हायत का सोंगट्या?"

सकाळी ती बसायला वेळ लावते. मी दुर्बिणीतून बघते तेव्हा ती आधी उंचवट्यावर जाते, तिथे नाहीत म्हटल्यावर रिंगणात येते. आज मला तिची कीव आली. पण चूक कुणाची आहे ते तिला कसे कळणार?

१९ मे, सोमवार

हात दुखतो आहे तरी लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी नेहमीसारखी अंडी रिंगणात ठेवून आले. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळे झाले. वाऱ्याने कौले उडवली. वळीव! सगळे गाव ओरडत अंगणात आले. मीही आले. पहिले चार टपोरे थेंब अंगावर घेतले आणि एकदम डोळ्यांसमोर खोलगट उभे राहिले. सगळ्या बाजूंनी पाणी उतरणार ते तिथेच. आणि अंडी तिथे मी ठेवलेली. कुणी दुसऱ्याने नाही, मी.

छत्री घेऊन पळाले. बांधावरच छत्री उलटी झाली, टाकून दिली. गारा पडत होत्या. तळ्यात उतरले तर काही दिसेना, चुना कुठला आणि चिखल कुठला. अंदाजाने धावले आणि उपसलेल्या गाळात गुडघ्यापर्यंत रुतले. पाय काढायला गेले तर दुसरा आणखी खोल. पाणी पोटऱ्यांना लागले, मग वर चढायला लागले. मी ओरडले की नाही ते आठवत नाही.

"आक्का! हलू नगा! जाग्यावर थांबा!"

डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन धोंडुबाई उंचवट्यावरून उतरत होती. मक्याची ताटे उपटून तिने गाळावर टाकली, त्यावर कुशीवर आडवी झाली आणि माझा दंड धरला. दुसरा हात ओच्याखाली होता.

"दोन्ही हातांनी ओढ की!"

"दुसऱ्यात अंडी हायत, सटवे!"

एका हाताने ओढले तिने मला. दंड उपटून निघतो की काय असे वाटले. चप्पल गाळात राहिली. दोघी रांगत उंचवट्यावर गेलो. तिथे तिने ओच्यातून अंडी काढली, चारी शाबूत. हाताने माती कोरली, खडे मांडले, आणि अंड्यांवर गोणपाट धरून पावसाकडे पाठ करून उकिडवी बसली. मी बाजूला बसले. बसले म्हणजे पडलेच.

खाली खोलगटात तळे भरत होते. रिंगण होते तिथे कमरेएवढे पाणी.

मी विचारले, "पाऊस पडावा म्हणून उचललीस ना?"

"पाऊस पडालाय की! आता कशाला उचलू त्यासाठी?"

"मग?"

"तू खाली ठेवलीस म्हणून उचलली. तू खाली ठेवणार, मी वर ठेवणार. मरस्तोवर."

एवढे बोलून तिने तोंड फिरवले. गारांनी तिच्या हाताची बोटे लाल झाली होती. गोणपाटाचे एक टोक वाऱ्याने उडत होते, ते मी धरले.

पाऊस थांबल्यावर आम्ही बांधावर गेलो, वेगवेगळ्या वाटेने. टिटवी येईना. डबक्यावर फिरून फिरून ओरडत होती, रिंगणाची जागा शोधत. मग ती उंचवट्यावर उतरली, दोन पावले चालली, पिसे फुगवली आणि बसली. धोंडुबाईने एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला इकडे ऐकू आला.

तिने मला आक्का म्हटले. आणि पुढच्याच वाक्यात सटवी.

२१ मे, बुधवार

दोन दिवस ताप. अंग ठेचल्यासारखे झाले आहे. दंडावर तिची पाचही बोटे निळी उमटली आहेत.

सकाळी दारात झाकलेले पातेले होते. हुलग्याचे माडगे. बाळासोची बायको प्रीती ठेवून गेली असेल म्हणावे, तर मीठ जास्त. इतके मीठ घालायची खोड त्या घरात एकीलाच आहे. अन्न टाकायचे नाही म्हणून सगळे प्याले. पातेले घासून भिंतीवर ठेवले.

२२ मे, गुरुवार

गाव वेडे आहे. धोंडुबाईने टिटवीची अंडी उच्चीवर नेली म्हणून वळीव आला, असे जोतीरामने देवळात जाहीर केले. हापशावर तिला पहिला नंबर. बायका म्हणे तिच्या घागरीला हात लावून देतात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाऊस हवेच्या दाबाने पडतो हे मी या गावाला पाचवीपासून शिकवले आहे.

ताप उतरला नव्हता तरी घागर घेऊन निघाले. आज सगळ्यांसमोर सांगायचेच ठरवले होते, की टिटवीचा आणि पावसाचा काडीचा संबंध नाही. हापशावर पोचले. धोंडुबाई दांडा मारत होती आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती. पुढचा एक दात पडला आहे तिचा. केव्हा पडला ते मला माहीतच नाही.

घसा बसला होता, म्हणून बोलले नाही. पाणी भरून आले.

२५ मे, रविवार

पुस्तकातला हिशेब आज-उद्याचा होता, म्हणून उजाडताच गेले. बया आधीच बांधावर हजर. मी तिच्यापासून चार हात सोडून बसले.

टिटवी उठली आणि तिच्या पोटाखालून मातीचे ढेकूळ चालायला लागले. मग दुसरे. कापसाच्या बोंडाला काडीचे पाय लावावेत एवढीशी पिल्ले, अंड्यातून निघून वाळली नाहीत तोवर पळतात! टिटवीने एक हाळी दिली तर जागच्या जागी चपापून बसली, दिसेनाशीच झाली. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. दुर्बिणीची काच धुरकटली, पुसावी लागली.

"तीन आहेत," मी म्हणाले. स्वतःशीच.

"चार हायत," पलीकडून आले.

"तीन. मी दुर्बिणीतून बघते आहे."

"मी डोळ्यानं बघालीया! चौथं त्या ढेकळाआड हाय."

"ढेकळाआड ढेकूळ आहे."

"चवथं हाय म्हणती न्हवं! तुझा नेहमी चाराचा हिशेब चुकतोय!"

मी ढेकळावर दुर्बीण रोखली. ती म्हणाली, "आण की हिकडं तुझी दुर्बीण. बघूंदे."

मी दिली नाही. तिने हात पुढे केलेला तसाच राहिला आणि मग मागे घेतला. शाळेची भेटवस्तू आहे, कुणाच्याही हातात कशी द्यायची? ती उठली. बांधाच्या टोकाला जाऊन वळून म्हणाली, "उद्या दावते तुला चौथं. ये, हिंमत आसंल तर."

"येणारच आहे. मला कुणाचे आमंत्रण लागत नाही."

संध्याकाळी पुन्हा एकटीच गेले. खूप वेळ बघितले. तीनच दिसली. ढेकळापलीकडे उंचवट्याची जी बाजू आहे ती धोंडुबाईच्या मक्याकडून नीट दिसत असेल, माझ्या जागेवरून नाही. उद्या तिकडून बघायला हवे. म्हणजे तिच्या तुकड्यातून जावे लागेल. बघू.

आल्यावर दुर्बिणीची काच पुसली. पट्टा दोन भोके आखडून ठेवला. माझ्यापेक्षा ती बुटकी आहे, एवढ्या लांब पट्ट्याने गळ्यात घातली तर वाकताना दगडावर आपटेल. फोडून ठेवायची माझी वस्तू.